अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक, लेखांक ९ : उमेदवाराचा नामवंत जोडीदार

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवाराचा जोडीदार कोणत्याही पदासाठी उभा नसतो. मतपत्रिकेवर त्याचे नाव नसते, उमेदवार जिंकल्यावर त्याला वेतन मिळत नाही आणि राज्यघटनेत त्याच्या स्थानाचा उल्लेखही नाही. तरीही प्रचारातील मोलाच्या वक्त्यांत त्याची गणना होते, कारण उमेदवाराला इतक्या जवळून ओळखणारे दुसरे कोणी व्यासपीठावर नसते. हा जोडीदार स्वतः राजकारणात नाव कमावलेला असेल, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. त्याचे स्वतःचे चाहते असतात, विरोधक असतात, देणगीदार असतात आणि जुनी कारकीर्दही असते. हे सगळे त्याच्याबरोबर प्रचारात येते. त्यातले सोयीचे तेवढेच घेऊन बाकीचे बाहेर ठेवता येत नाही.

परंपरेची सुरुवात

एकोणिसाव्या शतकात अध्यक्षपदाच्या उमेदवाराने गावोगाव फिरून स्वतःसाठी मते मागणे सहसा शिष्टसंमत मानले जात नसे. पत्नीने जाहीर भाषण करणे तर दूरच राहिले. विसाव्या शतकात हे बदलले. जुलै १९४० मध्ये शिकागो येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा उमेदवार होत होते आणि उपाध्यक्षपदासाठी त्यांना हेन्री वॉलेस हवे होते. प्रतिनिधी या निवडीवर चिडले होते. रूझवेल्ट स्वतः अधिवेशनाला गेले नाहीत. त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट गेल्या. त्या वृत्तपत्रात रोज स्तंभ लिहीत, देशभर दौरे करत आणि पक्षात त्यांचे स्वतःचे वजन होते. काळ असाधारण आहे, अध्यक्षांवरचा भार ओळखा, असे त्यांनी थोडक्यात सांगितले. सभागृह शांत झाले आणि वॉलेस यांची निवड पार पडली. अध्यक्षांच्या पत्नीने पक्षाच्या अधिवेशनात भाषण करण्याचा हा पहिला प्रसंग होता.

१९६४ मध्ये लेडी बर्ड जॉन्सन यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. २ जुलै रोजी त्यांचे पती, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली होती आणि दक्षिणेतील गोरा मतदार पक्षावर नाराज होता. ऑक्टोबरमध्ये लेडी बर्ड यांनी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथून न्यू ऑर्लिन्सपर्यंत खास आगगाडीने प्रवास केला. चार दिवस, आठ राज्ये आणि सुमारे २,६०० किलोमीटर असा हा दौरा होता. त्या टेक्सासच्या होत्या आणि त्यांची बोलण्याची ढब दक्षिणेची होती. नव्या कायद्याची बाजू घरच्या माणसाने मांडली, तर लोक निदान ऐकून घेतील, हा त्यामागचा विचार होता. काही ठिकाणी निदर्शकांनी त्यांना बोलू देण्यात अडथळे आणले. निकालात त्या आठ राज्यांपैकी व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडा ही तीन जॉन्सन यांनी जिंकली, पाच हरली. दौऱ्यामुळे किती मते वळली हे मोजता येत नाही, पण जिथे उमेदवाराला जाणे जड जाते तिथे जोडीदाराला पाठवता येते, ही पद्धत तेव्हापासून रुळली.

दोघांचे राजकारण, एकाची उमेदवारी

पती आणि पत्नी दोघेही राजकारणात असतील, तर मतदाराच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो खरा कारभारी कोण हा. टेक्सासचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांना १९१७ मध्ये महाभियोग चालवून पदावरून दूर करण्यात आले आणि पुन्हा पद भूषवण्यास मनाई झाली. १९२४ मध्ये त्यांच्या पत्नी मिरियम फर्ग्युसन उभ्या राहिल्या. एका गव्हर्नराच्या किमतीत दोन गव्हर्नर मिळतील, असा प्रचार उघडपणे केला गेला. त्या निवडून आल्या. १९६६ मध्ये अलाबामात जॉर्ज वॉलेस यांना लागोपाठ दुसऱ्यांदा गव्हर्नर होता येत नव्हते. त्यांच्या पत्नी लर्लीन वॉलेस उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. या दोन्ही निवडणुकांत मतदाराला पडद्यामागचा माणूस माहीत होता आणि अनेकांनी त्याच्याच नावावर मत दिले.

ज्या उमेदवाराला स्वतःच्या नावावर निवडून यायचे असते, त्याला मात्र हीच गोष्ट घातक ठरते. एलिझाबेथ डोल आणि बॉब डोल या दांपत्याने दोन्ही बाजूंचा अनुभव घेतला. एलिझाबेथ डोल रेगन यांच्या मंत्रिमंडळात वाहतूक मंत्री आणि थोरल्या बुश यांच्या मंत्रिमंडळात कामगार मंत्री होत्या. नंतर त्या अमेरिकन रेडक्रॉसच्या प्रमुख झाल्या. १९९६ च्या निवडणुकीत पती रिपब्लिकन उमेदवार होते आणि त्यांच्या प्रचारासाठी त्यांनी रेडक्रॉसमधून रजा घेतली. सॅन डिएगोच्या अधिवेशनात त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि हातात माइक घेऊन प्रतिनिधींमध्ये फिरत पतीविषयी बोलल्या. ते भाषण आजही प्रभावी प्रचाराचा नमुना मानले जाते. तीन वर्षांनी त्या स्वतः अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरल्या. मे १९९९ मध्ये बॉब डोल यांनी न्यूयॉर्क टाइम्सला मुलाखत दिली आणि पत्नीचे प्रतिस्पर्धी जॉन मॅककेन यांना देणगी देण्याचा आपला विचार असल्याचे सांगितले. एका वाक्याने अनेक दिवसांचा प्रचार झाकोळला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधीअभावी एलिझाबेथ डोल शर्यतीतून बाहेर पडल्या.

माजी अध्यक्ष प्रचारक होतो तेव्हा

या विषयातले सर्वांत मोठे उदाहरण क्लिंटन दांपत्याचे आहे. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्या प्रचारात एकावर एक मोफत, असा दावा करण्यात आला होता. २००० मध्ये हिलरी क्लिंटन न्यूयॉर्कमधून सिनेटवर निवडून आल्या आणि जानेवारी २००७ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. आता प्रचारक होता तो दोन वेळा अध्यक्षपद भूषवलेला, पक्षातील सर्वांत लोकप्रिय वक्ता.

अशा जोडीदाराचे फायदे उघड आहेत. पहिला फायदा गर्दीचा. एरवी राष्ट्रीय नेता जिथे फिरकत नाही अशा छोट्या गावात माजी अध्यक्ष आला की सभागृह भरते, स्थानिक वृत्तपत्राचे पहिले पान मिळते आणि कार्यकर्त्यांना हुरूप येतो. २००८ च्या वसंतात ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलिना येथील ग्रामीण भागांत बिल क्लिंटन दिवसाला अनेक गावे घेत. दुसरा फायदा वेळेचा. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुका एकापाठोपाठ एक येतात, कधी वीसहून अधिक राज्यांत एकाच दिवशी मतदान असते. उमेदवार एका राज्यात असताना तितक्याच वजनाचा माणूस दुसऱ्या राज्यात बोलू शकतो. तिसरा फायदा संबंधांचा. देशभरातील देणगीदार, गव्हर्नर, महापौर आणि कामगार संघटनांचे नेते त्याच्या एका फोनवर उपलब्ध होतात. चौथा फायदा अनुभवाचा. त्या पदाचे काम कसे चालते आणि संकटात निर्णय कसे होतात, हे तो स्वानुभवाने सांगू शकतो.

अडचणीही याच गोष्टींतून निघतात. साधा वक्ता चुकला तर प्रचार व्यवस्थापक त्याला समज देतो किंवा दौऱ्यातून वगळतो. माजी अध्यक्षाला आणि तेही उमेदवाराच्या पतीला हे कोण सांगणार? त्याचे स्वतःचे सहायक, स्वतःचे सल्लागार आणि स्वतःचा अंदाज असतो. त्याच्या प्रत्येक सभेला राष्ट्रीय पत्रकार हजर असतात, त्यामुळे गावातल्या श्रोत्यांसाठी बोललेले वाक्य संध्याकाळी देशभर पोहोचते. आणि उमेदवारावर टीका झाली की तो वक्त्याच्या थंडपणाने उत्तर देत नाही, घरच्या माणसाच्या रागाने देतो.

दक्षिण कॅरोलिना, जानेवारी २००८

३ जानेवारी २००८ रोजी आयोवात डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत बराक ओबामा पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे आणि हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या. न्यू हॅम्पशायरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी बिल क्लिंटन यांनी एका सभेत ओबामांच्या इराक युद्धविषयक भूमिकेची कहाणी म्हणजे परीकथा असल्याचे म्हटले. त्यांचा रोख सिनेटमधील मतदानावर होता, पण अनेक कृष्णवर्णीय नेत्यांनी तो शब्द ओबामांच्या संपूर्ण उमेदवारीला लागू केला. ८ जानेवारीला हिलरी तेथे जिंकल्या आणि लढत दक्षिण कॅरोलिनात आली, जिथे डेमोक्रॅटिक मतदारांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

२१ जानेवारीच्या वादचर्चेनंतर हिलरी इतर राज्यांच्या दौऱ्यावर गेल्या आणि दक्षिण कॅरोलिनाची आघाडी बिल यांनी सांभाळली. त्याच चर्चेत आपण नेमके कोणाविरुद्ध लढत आहोत हे कधीकधी कळत नाही, अशा अर्थाचे ओबामा बोलले होते. पुढचे काही दिवस बातम्यांत उमेदवारापेक्षा तिचे पती अधिक दिसले. २६ जानेवारीला ओबामांना ५५ टक्के, तर हिलरी यांना २७ टक्के मते पडली. मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत दहांतील सुमारे सहा जणांनी बिल क्लिंटन यांचा प्रचार आपल्या निर्णयात महत्त्वाचा ठरल्याचे सांगितले आणि अशा मतदारांतही ओबामाच पुढे होते. त्याच दिवशी बिल यांनी ओबामांच्या विजयाची तुलना १९८४ आणि १९८८ मध्ये त्या राज्यात कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांना मिळालेल्या यशाशी केली. विजयाला केवळ वर्णाचा रंग दिला, असा आरोप त्यांच्यावर झाला. कृष्णवर्णीय समाजात ज्यांना अपार प्रेम मिळाले होते, त्याच नेत्याच्या तोंडून हे आल्याने जखम खोल झाली. दोन दिवसांनी ज्येष्ठ डेमोक्रॅटिक सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी ओबामांना पाठिंबा जाहीर केला. त्यानंतरही बिल यांनी ग्रामीण भागांत उपयोगी काम केले. ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया हिलरी यांनी जिंकले. पण जानेवारीत गमावलेला विश्वास परत आला नाही.

जुन्या कारकिर्दीचा हिशेब

जोडीदाराची कारकीर्द जितकी मोठी, तितका तिचा हिशेबही लांब. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा बिल यांच्या काळातील निर्णय वीसेक वर्षांनी तपासले जात होते. १ जानेवारी १९९४ पासून लागू झालेल्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराला मिशिगन आणि ओहायोतील कामगार गेलेल्या नोकऱ्यांसाठी जबाबदार धरत होते. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्यामुळे कृष्णवर्णीयांवर अन्याय झाला, असे तरुण कार्यकर्ते म्हणत होते. एप्रिल २०१६ मध्ये फिलाडेल्फियात बिल यांनी अशा निदर्शकांशी भर सभेत वाद घातला. स्वतःच्या कामाचे समर्थन करणे त्यांच्यासाठी स्वाभाविक होते; उमेदवाराचे हित मात्र वेगळे होते. ऑक्टोबरमध्ये मिशिगनमधील फ्लिंट येथे त्यांनी ओबामांच्या आरोग्यविमा योजनेतील त्रुटींवर कठोर टीका केली आणि विरोधकांनी ती लगेच उचलली.

भाषण न करताही हानी होते. २७ जून २०१६ रोजी फीनिक्सच्या विमानतळावर बिल क्लिंटन यांनी अॅटर्नी जनरल लॉरेटा लिंच यांची त्यांच्या विमानात भेट घेतली. हिलरी यांनी परराष्ट्रमंत्री असताना वापरलेल्या खासगी ई-मेलची चौकशी लिंच यांच्याच खात्याकडे होती. चौकशीविषयी बोलणे झाले नाही, असे दोघांनी सांगितले, तरी या भेटीने चौकशीच्या निष्पक्षतेवर संशय घेण्यास जागा मिळाली. सामान्य जोडीदाराची अशी भेट घडलीच नसती.

पैसा आणि पारदर्शकता

निवडणूक निधीच्या कायद्यात जोडीदाराला सवलत नाही. उमेदवार स्वतःचा पैसा हवा तेवढा खर्च करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये बक्ली खटल्यात ठरवले. पण जोडीदाराला इतर नागरिकांइतकीच मर्यादा पाळावी लागते. २००८ मध्ये ती प्रत्येक निवडणुकीमागे २,३०० डॉलर होती. सामाईक मालमत्तेतील स्वतःचा हिस्सा उमेदवार वापरू शकतो. पत्नी टेरिझा हाइन्झ अतिशय श्रीमंत असूनही जॉन केरी यांनी २००३ च्या अखेरीस बॉस्टनच्या घरातील आपला हिस्सा गहाण ठेवून प्रचारासाठी पैसा उभा केला, तो या नियमामुळेच.

नामवंत जोडीदाराच्या कमाईवर साहजिकच प्रकाशझोत पडतो. एप्रिल २००८ मध्ये क्लिंटन दांपत्याने विवरणपत्रे खुली केली तेव्हा २००० ते २००७ या काळातील त्यांचे एकत्र उत्पन्न सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर असल्याचे दिसले. त्यातील जवळपास निम्मे बिल यांच्या भाषणांच्या मानधनातून आले होते. मानधन देणारे कोण, बिल यांच्या फाउंडेशनला देणग्या देणारी परदेशी सरकारे कोणती, हे प्रश्न उमेदवाराला विचारले गेले आणि ते रास्तच होते. डिसेंबर २००८ मध्ये हिलरी परराष्ट्रमंत्री होण्यापूर्वी फाउंडेशनने देणगीदारांची यादी प्रसिद्ध केली.

विजयानंतरचे स्थान

प्रचारातच विचारला जाणारा शेवटचा प्रश्न म्हणजे सत्ता आल्यावर या जोडीदाराचे काम काय असेल. १९६१ मध्ये जॉन केनेडी यांनी भावाला अॅटर्नी जनरल नेमले. त्यानंतर १९६७ मध्ये सरकारी पदांवर नातेवाइकांच्या नेमणुकीस मनाई करणारा कायदा आला. त्यामुळे जोडीदाराला मंत्री करण्याचा मार्ग बंद झाला, पण बिनपगारी सल्लागाराची भूमिका उरली. १९९३ मध्ये हिलरी यांच्याकडे आरोग्यसेवा सुधारणेच्या कृती गटाचे नेतृत्व दिले गेले. निवडून न आलेल्या व्यक्तीकडे एवढा अधिकार का, हा आक्षेप त्या योजनेला सतत चिकटून राहिला आणि १९९४ मध्ये ती बारगळली. बिल यांच्याबाबत प्रश्न आणखी नाजूक होता. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ते तिसऱ्यांदा अध्यक्ष निवडून येऊ शकत नव्हते. मे २०१६ मध्ये हिलरी यांनी अर्थव्यवस्थेला उभारी देण्याचे काम पतीकडे सोपवण्याचे सूचित केले, तेव्हा तो तिसरा कार्यकाळ ठरेल का, हा संशय बळावला.

प्रचारातील योग्य जागा

या उदाहरणांवरून काही सूत्रे निघतात. जोडीदार उमेदवाराविषयी बोलतो तेव्हा प्रचाराला लाभ होतो. प्रतिस्पर्ध्याविषयी किंवा स्वतःच्या कारकिर्दीविषयी बोलू लागला की तोटा सुरू होतो. प्रतिस्पर्ध्यावर टीका करण्याचे काम पक्षाच्या इतर नेत्यांकडे द्यावे लागते. दौरे, भेटीगाठी आणि वक्तव्ये यांवर प्रचार कार्यालयाचा अधिकार आधीच ठरवून घ्यावा लागतो आणि तो ठरवून देण्याची जबाबदारी उमेदवाराचीच असते, कारण इतर कोणाचे जोडीदार ऐकणार नाही. उत्पन्न आणि संस्थांचे व्यवहार प्रचारापूर्वी खुले केले, तर ते शस्त्र म्हणून वापरणे विरोधकांना अवघड जाते. सत्तेत जोडीदाराची भूमिका काय, हेही मतदानाआधी स्पष्ट सांगणे मतदाराचे देणे आहे. लोकशाहीत मत एका व्यक्तीला दिले जाते आणि निर्णयांचा जाब त्याच व्यक्तीला विचारता आला पाहिजे. जोडीदार कितीही मोठा असला, तरी निर्णय उमेदवाराचा असेल, ही खात्री मतदाराला देणे हे अशा प्रचाराचे पहिले कर्तव्य ठरते.