पक्ष्यांच्या फोटोंसाठी गिंबल हेड कसं निवडायचं?
मोबाइलच्या गिंबलमध्ये मोटर असते. जड टेलिफोटो लेन्सच्या गिंबल हेडमध्ये ती नसते, तिथे सगळा खेळ तोलाचा. निकॉनची २००-५०० लेन्स २.३ किलोची. बॉल हेड सैल केलं की ती कलंडते, कधी ट्रायपॉडसकट! गिंबलवर ती झोपाळ्यासारखी झुलते. म्हणून छापील वजनक्षमता बघून लगेच पैसे देऊ नका. आपली लेन्स कॅमेऱ्यासकट लावा, नॉब सैल करा, वर-खाली फिरवा. सोडाल तिथेच थांबली पाहिजे. नाही थांबली तर प्लेटवर मागेपुढे सरकवा. त्यासाठी प्लेट लांब हवी. ही लेन्स झूम करताना लांब होते, तोल पुढे जातो, त्यामुळे तो ५०० वर ठेवूनच साधा. उरणच्या पाणथळीवर उडते फ्लेमिंगो टिपायला आम्हा पनवेलकरांना गिंबल हवंच. कर्नाळ्याच्या चढावर मात्र मी मोनोपॉडच नेतो. ट्रायपॉड कोण वाहणार?