छत्र, मेण आणि धूळपाटी

आजच्या महाविद्यालयांची माहितीपत्रके चाळली तर अतिथिगृहांचे व्यवस्थापन, मूर्तिशिल्प आणि वाचनाचे अध्यापन हे तीन अभ्यासक्रम तीन निरनिराळ्या विभागांत मांडलेले आढळतात. पहिला व्यवसायाचा, दुसरा कलेचा, तर तिसरा शिक्षणशास्त्राचा मानला जातो. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, एके काळी ही तिन्ही कौशल्ये एकाच प्रदेशात, आणि त्यांपैकी दोन तर एकाच छपराखाली नांदत होती.

तंजावरवर 1676 पासून 1855 पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते. या राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी असलेली धर्मशाळा आणि अन्नछत्र. अनेक छत्रांना राजघराण्याशी निगडित स्त्रियांची नावे देण्यात आली. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजी राजांच्या हातून राज्यकारभार गेला आणि तो ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. तेव्हा छत्रांचे पुढे काय होणार, हा प्रश्न राजांना अस्वस्थ करू लागला. 1801 मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांच्या कामाचे सविस्तर वर्णन करून ती चालू राहावीत अशी विनंती केली.

या वर्णनातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. छत्रात स्वयंपाकी आणि वैद्य यांच्याबरोबर एक पंतोजीही असे. परमुलखातून आलेल्या वाटसरूंची मुले पोरकी झाली, तर ती या पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल लावले जाई आणि त्यांचा कल पाहून त्यांना विद्या शिकविली जाई. पाहुण्याची व्यवस्था आणि मुलाचे शिक्षण ही येथे दोन कामे नव्हती. दारी आलेल्या परक्याचे उत्तरदायित्व घेणे हे एकच काम होते.

1954 मध्ये मुंबईत आतिथ्य व्यवस्थापनाची संस्था स्थापन झाली आणि पुढे अशा संस्था देशभर निघाल्या. तेथे पाकसिद्धी, खोल्यांची निगा आणि हिशेब पद्धतशीरपणे शिकविले जातात. हे ज्ञान छत्राच्या कारभाऱ्यालाही हवेच होते. कारण धान्य वेळेवर आले नाही, तर पुण्याची इच्छा कितीही मोठी असली तरी पंगत उठत नाही. फरक आहे तो एवढाच की, छत्रातील पाहुणा पैसे देणारा नव्हता, आणि त्याच्या आजारपणाची वा मरणाची जबाबदारीही छत्रावरच येत असे.

वाचनाची गोष्टही अशीच उद्बोधक आहे. दक्षिणेत ओट्यावरच्या शाळेत मूल प्रथम वाळूत बोटाने अक्षर गिरवी. महाराष्ट्रातील धूळपाटीचीच ही पद्धत होय. अक्षर गिरविताना त्याचा उच्चार होई. हात, डोळा आणि कान एकदमच शिकत. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी ही रीत पाहिली, तिला मोठ्या मुलाने लहानाला शिकविण्याची जोड दिली आणि 1797 मध्ये आपला अनुभव लंडनमध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून पसरली. इकडे सरफोजी राजांनी तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. तेथे 1806 च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर छापले गेले. अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला वाचावेसे वाटेल असे काहीतरी हाती द्यावे लागते, ही जाण त्यामागे दिसते.

अक्षर आणि शिल्प यांचीही तंजावरात गाठ पडते. 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत शिलांकित करण्यात आला. शिल्पाची परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथे आजही स्थपती मेण, राळ आणि तेल यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवितात. नारळाच्या पातीला घड्या घालून अवयवांचे प्रमाण ठरविले जाते. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर चढवून ती तापविली की मेण वाहून जाते व रिकाम्या जागी धातूचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो; त्यामुळे एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. मेणावर राहिलेली चूक धातूत उतरते, म्हणून शिकाऊ हाताला फार काळ मेणावरच थांबावे लागते.

ही विद्या पूर्वी घराण्यात जन्मलेल्यालाच मिळे. ममल्लपुरम येथे 1957 मध्ये सरकारी शिल्पविद्यालय सुरू झाले आणि 1981 मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठातही शिल्पकलेचा विभाग निघाला. त्यामुळे घराण्याबाहेरच्या मुलामुलींना हे दार उघडले. हा लाभ लहान नाही, आणि जुन्या काळाच्या ओढीने तो नाकारणे अन्यायाचे होईल. छत्राच्या पुण्यातही जातिभेदाचे पदर होते, हे विसरून चालत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. अभ्यासक्रम कृतीचे टप्पे पाडू शकतो, पुस्तके देऊ शकतो, प्रमाणपत्रही देऊ शकतो. पण आतिथ्य खऱ्या पाहुण्यापुढे, शिल्प खऱ्या मेणावर आणि वाचन शिकविणे अक्षरापाशी अडखळणाऱ्या खऱ्या मुलाजवळच पक्के होते. ज्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यावर अशा एखाद्या माणसाची किंवा वस्तूची जबाबदारी पडत नाही, तेथे तो परीक्षा उत्तीर्ण होईल. ते काम त्याला येईलच असे मात्र नाही. पोरक्या मुलाला पंतोजींच्या स्वाधीन करणाऱ्या छत्राने हे जाणले होते.