फटाका सादळला की

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या नंदनवनच्या गल्ल्यांत पोरं फुसके फटाके वेचत फिरतात. वात जळालेली, पण कागद शाबूत. फटाका मधोमध मोडायचा, दारू कागदावर काढायची आणि काडी लावायची. भप्पकन उजेड होतो, आवाज मात्र नाही.

इंग्रजीतला ‘डॅम्प स्क्विब’ याच जातीचा. ‘स्क्विब’ हा सोळाव्या शतकापासूनचा शब्द. आधी फुसफुसणारा आणि मग फुटणारा छोटा फटाका तो. सादळला की फुसफुसच राहते, कारण दारूतला सोरा पाण्यात विरघळतो. पुन्हा वाळवला तरी कोळसा-गंधकाशी त्याचा मेळ पहिल्यासारखा बसत नाही. इंग्लंडमध्ये आतषबाजीचा मोठा दिवस ५ नोव्हेंबर, १६०५ सालच्या गाय फॉक्सच्या संसद उडवण्याच्या कटाच्या आठवणीचा. आणि तिथला नोव्हेंबर म्हणजे बहुधा ओलाच! गाजावाजा करून फसलेल्या समारंभाला ‘डॅम्प स्क्विब’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात चिकटला.

आता खुद्द इंग्रजांनाही ‘स्क्विब’ म्हणजे काय ते आठवत नाही. बरेच जण ‘डॅम्प स्क्विड’, म्हणजे ओला माकूल म्हणतात. समुद्रातला प्राणी ओला नसेल तर काय! जेरेमी बटरफील्ड यांनी तर २००८ साली इंग्रजी भाषेवरच्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं.

पण प्रत्येक अपयश काही डॅम्प स्क्विब नसतं. त्याला आधी वाट पाहणारी गर्दी लागते. १५ मार्च २०१६ ला ती नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियममध्ये होती. टी-ट्वेंटी विश्वचषक घरचा, भारताची पहिलीच लढत. न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट या वेगवान गोलंदाजांना बाहेर बसवून तीन फिरकीपटू खेळवले आणि १२६ धावा केल्या. लोक निर्धास्त होते. भारत ७९ धावांत गारद! सँटनरचे चार, सोढीचे तीन, नेथन मॅकलमचे दोन. दहापैकी नऊ बळी फिरकीचे. अटीतटीने हरलो असतो तर त्याला फुसका बार कुणी म्हटलं नसतं.

२३ सप्टेंबर २०२२ ला त्याच मैदानावर खरोखरच सगळं ओलं होतं. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना लांबत लांबत आठ षटकांवर आला, लोक ताटकळले. मग रोहित शर्माने २० चेंडूंत नाबाद ४६ धावा ठोकल्या. शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या. दिनेश कार्तिकने पहिल्या चेंडूवर षटकार मारला, दुसऱ्यावर चौकार.