पाण्याच्या वाटेने हैदराबाद

मुंबई-पुण्याहून हैदराबादला जायचं तर हुसेनसागर एक्सप्रेसने जावं. रात्रीतून पुणं, पहाटे सोलापूर मागे पडतं, सकाळी वाडी येतं आणि दिवस वर आला की गाडी विकाराबादला पोचते. इथून जवळच, अनंतगिरीच्या टेकड्यांमध्ये मुसी नदीचा उगम आहे. शहर दिसायच्या आधी त्याची नदी सुरू होते. चारमिनारच्या नावाचीही एक गाडी आहे, पण ती चेन्नईला जाते. आपल्या गाडीच्या वाट्याला तलावाचं नाव आलं, आणि ते योग्यच झालं, कारण हे शहर समजून घ्यायला पाण्याइतका चांगला धागा दुसरा नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याची यादी साधारण ठरलेली असते: चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग, मोत्यांची दुकानं, बिर्याणी, आणि मुलं बरोबर असतील तर रामोजी फिल्म सिटी. सगळंच पाहण्याजोगं आहे. पण सुटं सुटं पाहिलं की हे शहर इथे का वसलं, नदी ओलांडून पलीकडे का गेलं, नदीकाठी एवढ्या भव्य इमारती एकाच काळात कशा उभ्या राहिल्या, हे काही कळत नाही.

विकाराबाद सोडलं की हळूहळू जमिनीचा पोत बदलतो. आपल्याकडचा काळा पत्थर संपतो आणि एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे गोलसर, करड्या-गुलाबी ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे दिसू लागतात. हा खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांचा आहे. तो पाणी फारसं मुरू देत नाही. पडलेला पाऊस उतारावरून धावत सुटतो, पण दोन उंचवट्यांच्या मध्ये मातीचा एक बांध घातला तर तिथे सहज तळं होतं. काकतीय राजांनी वरंगळच्या बाजूला हेच केलं. पाखाल, रामप्पा, लक्नावरम हे तलाव आजही भरतात. पुढे आलेल्या कुतुबशाहीने तीच रीत उचलली. हैदराबादच्या नकाशावर आजही जागोजागी ‘चेरुवू’ म्हणजे तलाव आणि ‘कुंटा’ म्हणजे तळं भेटतं, आणि मासाब टँकसारख्या काही ठिकाणी तलाव जाऊन नुसतं नाव उरलं आहे.

म्हणून सुरुवात चारमिनारपासून करू नका, गोवळकोंड्यापासून करा. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर गडाच्या माथ्यावरच्या बालाहिसारापर्यंत ऐकू जाते. ही गंमत गाइड दाखवतोच आणि ती पाहावीच. त्यानंतर मात्र पायऱ्या चढताना भिंतींकडे नीट लक्ष द्या. चुन्यात बसवलेल्या खापराच्या नळांचे तुकडे जागोजागी उघडे पडले आहेत. एकाच्या तोंडात दुसरा, असे ते सांधलेले दिसतात. काही मैलांवरच्या दुर्गम चेरुवूचं पाणी अशा नळांतून उताराने गडाच्या पायथ्याशी येई. तिथून ते रहाटगाडग्याने पहिल्या टप्प्याच्या हौदात, तिथून दुसऱ्या रहाटाने वरच्या हौदात, असं टप्प्याटप्प्याने माथ्याकडे चढवत. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हे वाचून मलिक अंबरची नहर आठवेल. तिथेही खापराच्या नळांनीच शहराला पाणी पाजलं. दख्खनच्या या दोन जागा एकापाठोपाठ एक पाहण्यात वेगळा आनंद आहे.

ज्या दुर्गम चेरुवूने गोवळकोंड्याची तहान भागवली, त्याच्याच काठी आज माधापूर आणि हायटेक सिटीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. २०२० मध्ये या तलावावर केबलचा पूल झाला आणि संध्याकाळी तिथे फोटो काढायला गर्दी असते. महाराष्ट्रातून नोकरीसाठी गेलेली कितीतरी मुलं या पाण्याच्या शेजारी राहतात. त्यांना भेटायला जाल तेव्हा त्यांना एकदा गोवळकोंड्यावर घेऊन जा आणि ते नळ दाखवा.

गडापासून जवळच कुतुबशाही मकबरे आहेत. तिथली बडी बावडी चुकवू नका. २०१३ च्या पावसात तिची एक बाजू ढासळली होती. मग आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर मकबऱ्यांचं जे मोठं काम हाती घेतलं, त्यात ही बावडीही पुन्हा उभी राहिली. खाली उतरून पायरीवर क्षणभर बसलं की घुमटांपेक्षाही या विहिरीचं बांधकाम मनात ठसतं.

गडावर वस्ती वाढली, पाणी अपुरं पडू लागलं, आणि शहराला नदी ओलांडणं भाग झालं. इब्राहिम कुतुबशाहाच्या काळात १५६२-६३ च्या सुमारास हुसेनसागर बांधला गेला आणि १५७८ मध्ये मुसीवर पूल झाला. तो म्हणजे आजचा पुराना पूल. आधी तलाव, मग पूल, आणि त्यानंतर १५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशाहाने पलीकडच्या काठावर चारमिनार उभारून नवं शहर आखलं, असा हा क्रम आहे. चारमिनार हे त्या आखणीचं केंद्र. त्याच्या उत्तरेला चार कमानी आणि मध्ये गुलजार हौज. चारमिनार पाहायला आलेले बहुतेक लोक गुलजार हौजला वळसा घालून पुढे निघून जातात, कारण आता तो रहदारीतलं एक कारंजं एवढाच उरला आहे. पण एका राजाने नव्या राजधानीच्या चौकात हौद बांधला, ही गोष्ट तिथे थांबून पाहण्यासारखी आहे.

आपल्या बखरींतलं भागानगर ते हेच. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज इथे आले, अबुल हसन कुतुबशाहाला भेटले, त्याच्याशी करार केला. त्या भेटीमागे शाहाच्या दरबारातल्या मादण्णा पंडिताची मोठी खटपट होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. गडावर हा वेढा सांगतात, पण महाराजांच्या भेटीचा उल्लेख क्वचितच कानी येतो. मराठी माणसाने ती आठवण स्वतःबरोबर न्यावी.

चारमिनारच्या आसपास पायीच फिरा. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या करणारे कारागीर अजून दुकानाच्या दारात बसलेले दिसतात: विस्तवावर लाख मऊ करायची, तिचा गोल वळायचा, आणि गरम असतानाच चिमट्याने एकेक खडा दाबून बसवायचा. हात एकदाही थांबत नाही. खरेदी नंतर करा, आधी हे पाहा. मग इराणी हॉटेलात चहा घ्या. इथे दूध वेगळं आटवलेलं असतं, चहाचा अर्क वेगळा, झाकण लावून मंद आचेवर ठेवलेला, आणि दोन्ही कपातच एकत्र येतात. बरोबर उस्मानिया बिस्किट, थोडं गोड, थोडं खारट. उस्मानिया दवाखान्यातल्या रुग्णांसाठी ते पहिल्यांदा केलं गेलं असं इथले लोक सांगतात. बिर्याणीबद्दल मी वेगळं सांगायची गरज नाही. रमजानात गेलात तर हलीम मात्र खा.

त्या दवाखान्याकडेच आता जायचं आहे, कारण हैदराबादचा सर्वांत दुःखद दिवस तिथे कळतो. २८ सप्टेंबर १९०८. मुसीच्या खोऱ्यात चोवीस तासांत बारा इंचांहून जास्त पाऊस पडला. शहराच्या वरच्या बाजूला लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांतले २२१ एकामागून एक फुटले. प्रत्येक फुटलेल्या तलावाचं पाणी खालच्या तलावावर कोसळत गेलं आणि ते सगळं मिळून शहरात घुसलं. मुसीवरचे पूल वाहून गेले, पुराना पूल तेवढा तगला. सुमारे पंधरा हजार माणसं दगावली असं मानतात. दवाखान्याच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड आहे. त्याच्या फांद्यांवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं त्या दिवशी वाचली. मोठ्या स्मारकांच्या या शहरात मला हे झाड सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि पाहुण्यांपैकी फार थोडे तिथे जातात याचं वाईट वाटतं.

पुराच्या दुसऱ्या वर्षी निजाम सरकारने एका इंजिनिअरला बोलावून घेतलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्यात झालं होतं, मुंबई इलाख्यात त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली होती, आणि खडकवासल्याच्या धरणावर पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले होते. खडकवासल्यात जे शिकले आणि घडवलं त्याची पुंजी घेऊन ते मुसीवर आले. त्यांनी तलावांच्या नोंदी, पावसाचे आकडे, नदीच्या पुराची उंची हे सगळं तपासलं आणि उपाय सुचवला तो असा, की शहरात भिंती बांधून भागणार नाही, पूर वरच अडवला पाहिजे. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर झाले. पहिला १९२० मध्ये पुरा झाला, दुसरा १९२७ मध्ये. उस्मानसागरला लोक गंडीपेठ म्हणतात. दोन्ही धरणं पूर अडवायला बांधली, आणि त्यांनी शहराला पाणीही पाजलं.

१९१२ मध्ये शहर सुधारणेचं मंडळ नेमलं गेलं. पुराने मोकळ्या झालेल्या काठांवर बागा आणि इमारती उभ्या राहू लागल्या. दक्षिण काठावर हायकोर्ट, समोर उत्तर काठावर उस्मानिया दवाखाना. व्हिन्सेंट एश या वास्तुकाराचा हात या दोन्हींमागे आहे. आज नया पुलावर उभं राहिलं की घुमटांची ही रांग डोळे भरून दिसते. पायाखालची मुसी मात्र बघवत नाही. शहराचं सांडपाणी घेऊन ती काळी झाली आहे. घुमटांबरोबर नदीचं हे रूपही पाहून यावं. सालारजंग संग्रहालयही याच काठावर आहे. त्याला किमान अर्धा दिवस द्या.

उस्मानसागर आणि हिमायतसागर या धरणांच्या पाणलोटातल्या ८४ गावांत मोठ्या बांधकामांना मनाई करणारा आदेश १९९६ मध्ये निघाला होता. २०२२ मध्ये सरकारने ते निर्बंध उठवायचं ठरवलं. मला ही फार काळजीची गोष्ट वाटते. २०२० च्या ऑक्टोबरात शहराच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही धरणांचे दरवाजे उघडले तेव्हा महात्मा गांधी बसस्थानकात मुसी शिरली. नांदेड, लातूरकडून येणाऱ्या एसट्या जिथे थांबतात ते हे स्थानक मुसीच्या पात्रातल्या बेटावरच आहे. २०२४ मध्ये तेलंगण सरकारने ‘हायड्रा’ नावाची यंत्रणा उभारून तलावांतली अतिक्रमणं पाडायला सुरुवात केली. त्यावर शहरात दोन तट आहेत, कारण पाडली जाणारी घरं नेहमी मोठ्यांचीच असतात असं नाही.

प्राणिसंग्रहालयाला जाल तेव्हा लगतचा मीर आलम तलावही पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं त्याचं धरण सरळ भिंतीचं नाही. एकवीस अर्धगोल कमानी आडव्या, शेजारी शेजारी उभ्या केल्या आहेत, फुगीर बाजू पाण्याकडे करून. पाण्याचा दाब कमानीवरून दोन्ही बाजूंच्या खांबांत उतरतो. या पद्धतीच्या जगातल्या सर्वांत जुन्या धरणांत त्याची गणना होते.

आज हैदराबाद पितं ते पाणी बहुतांशी लांबून येतं, आणि ते येतं आपल्याकडून. मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरच्या शिवारातून पुढे तेलंगणात जाते. १९६५ पासून तिचं पाणी हैदराबादला मिळू लागलं. त्याच नदीवर नंतर सिंगूरचं धरण झालं. तरी पुरेना, म्हणून शंभर किलोमीटरहून लांबवरून कृष्णेचं आणि त्याहून दूरवरून गोदावरीचं पाणी आणलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडी पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा खाली सिंगूरही तळाला गेलं होतं. लातूरच्या आणि हैदराबादच्या माणसाने एकाच नदीची चिंता करावी, असं हे नातं आहे.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. कोर्टकचेरी, नोकरी, शिक्षण यांसाठी तिकडची माणसं काचीगुड्याला उतरत. मनमाडहून येणारी लोहमार्गाची वाट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच सुरू झाली होती. सुलतान बाजार, कोठी भागात मराठी वस्ती जमली, विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी राहिली, मराठी ग्रंथसंग्रहालय झालं. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांची नावं मराठवाड्याच्या जुन्या घरांत अजून आदराने घेतली जातात. गणेशोत्सवात गेलात तर खैरताबादचा गणपती पाहा. १९५४ मध्ये एक फुटाच्या मूर्तीने सुरू झालेला हा उत्सव टिळकांच्या प्रेरणेने उभा राहिला. आता तिथे काही मजली उंचीची मूर्ती असते, आणि तिचं विसर्जन हुसेनसागरात होतं. याच तलावाच्या मध्यावर बुद्धाचा एकसंध दगडी पुतळा आहे. १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तो तळाला गेला, सोबतची माणसंही बुडाली, आणि दोन वर्षांनी तो वर काढून उभा केला.

जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. हवा कोरडी आणि सुखद असते. शुक्रवार टाळा, कारण सालारजंग आणि कुतुबशाही मकबरे त्या दिवशी बंद असतात. मेट्रो चांगली आहे, पण गोवळकोंड्यापर्यंत ती जात नाही, रिक्षाच करावी लागते. किल्ला सकाळी उघडताच गाठा, उन्हात तो चढ जड जातो. नदीकाठ आणि चारमिनार दुसऱ्या दिवशी पायी करा. गंडीपेठला शेवटच्या दिवशी दुपारनंतर निघा. पावसाळ्याच्या अखेरीस जाणार असाल तर धरणाचे दरवाजे उघडले आहेत का याची आधी चौकशी करा, कारण तेव्हा मुसीकाठचे काही रस्ते आणि पूल पोलिस बंद करतात.