अंगणांतील होडी आणि तांब्याचा पैसा

पंचवटींतील आमच्या वाड्याच्या अंगणांत, तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, एक अल्युमिनियमची मोटारहोडी दोन वर्षें पालथी पडलेली होती. पाहुणे तिच्याकडे पाहून हंसत, मुलें तिच्यावर नगारा बडवीत, आणि आमच्या वडील वहिनी ‘ही भंगारांत कधीं जाणार?’ असें महिन्यांतून एकदां तरी विचारीत. ती भंगारांत न जातां पुनः पाण्यावर कशी गेली, आणि मध्यंतरीं तिच्यापायीं आमच्या नातवाच्या जिवावर कसें बेतलें, तें येथें सांगावयाचें आहे. दोष बहुतेक माझाच होता. तेव्हां सांगण्यांत संकोच कसला?

होडी घरांत आली ती पुरामुळें. आम्ही नाशिककर गोदामाईचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतों. कमरेला आला, छातीला आला, गळ्याला आला. सन २०१६ च्या ऑगस्टांत पाणी सराफ बाजारांत व भांडी बाजारांत शिरलें, तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंनीं मनांत घेतलें कीं, नदीकांठच्या घरांत एक होडी असावी. (पुराच्या ओढींत घरगुती होडी घालणें हें शौर्य नव्हे, अविचार होय, तें काम अग्निशामक दलाच्या शिकलेल्या माणसांचें. हें शहाणपण आम्हांस मागाहून आलें.) त्यांनीं एका बंद पडलेल्या जलविहाराच्या मालकाकडून बारा फुटी, रिव्हेट मारलेली जुनी होडी व तिच्या मागच्या फळीवर टांगावयाचें लहानसें इंजिन स्वस्तांत आणिलें, आणि डागडुजीचें काम सेवानिवृत्त म्हणून माझ्याकडे आलें.

माझें सारें आयुष्य तांब्यापितळेच्या भांड्यांत गेलेलें. भांडें मळलें कीं चिंच लावावी, राखेनें घांसावें, उजळ करावें, एवढेंच माझें धातुशास्त्र! त्याच न्यायानें मीं होडीवर धुण्याच्या सोड्याचें कढत पाणी ओतलें. पत्रा उजळण्याऐवजीं काळवंडला. मग चिंचेचा कोळ आणविला, तेव्हां सौ. म्हणाली, “अहो, जर्मनच्या पातेल्यांत आमटी ठेवली तर भोंकं पडतात. मग ह्याला चिंच कशाला?” स्वयंपाकघरांतील गोष्ट स्वयंपाकघरांतच ठेवावी, असें कांहींसें उत्तर मीं दिलें. पुढें रंगाऱ्यानें लोखंडी फाटकाला लावतात तें शेंदरी, शिशाचें अस्तर दिलें; वर निळा रंग चढला; तळाशीं बसावयाच्या फळ्या घातल्या. शेवटीं होडीची यथासांग पूजा झाली व मीं आजोबांच्या वेळचा एक तांब्याचा ढब्बू पैसा शुभ म्हणून फळ्यांखालीं ठेविला. तो तेथेंच राहिला. होडी त्या पावसाळ्यांत अंगणांत उताणीच होती. फळ्यांखालीं पाणी सांचून होतें.

पुढील वर्षीं हिवाळ्यांत दिंडोरी तालुक्यांतील एका गांवच्या पाझर तलावावर, रीतसर परवानगी काढून, आम्ही निघालों. मी, पुतण्या आणि नऊ वर्षांचा नातू. माणसें तीन व तरंगतीं जाकिटें दोन. ही गोष्ट लिहितांना आजहि हात अडखळतो. तलावाच्या मध्यावर पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटावर पंखा आदळला, त्याची पिन तुटली, इंजिन नुसतें घरघरूं लागलें. तोंच नातू म्हणाला, “आजोबा, माझे पाय ओले झाले.” फळ्यांवर चार बोटें पाणी आलें होतें. पुतण्या एका फळीनें वल्हवीत होता आणि मी पिण्याच्या पाण्याच्या तांब्यानें पाणी उपशीत होतों. कांठ गांठावयास बराच वेळ लागला. त्या वेळांत नातू एक अक्षर बोलला नाहीं. घरीं आल्यावर सूनबाई मला कांहीं बोलली नाहीं, परंतु मुलाला घेऊन आठ दिवस माहेरीं गेली.

फळ्या उचलून पाहिलें. ढब्बू पैसा तळाला चिकटून बसलेला, हिरवा. त्याच्याभोंवतीं कळीच्या चुन्यासारखी पांढरी भुकटी. आणि तो उचलतांच खालीं जोंधळ्याच्या दाण्याएवढें भोंक! आसपासचा पत्रा देवीच्या व्रणांसारखा खळग्याखळग्यांनीं भरलेला.

ह्याचें कारण शाळेंत मीं मुलांना स्वतः शिकविलें होतें. व्होल्टानें १८०० सालीं दोन भिन्न धातूंच्या चकत्यांमध्यें खारें ओलें कापड घालून वीज उत्पन्न केली. तांबें, पाणी व अल्युमिनियम एकत्र आलीं कीं तीच क्रिया घडते, आणि झिजतें तें अल्युमिनियम. तांब्याचें कांहीं बिघडत नाहीं. वस्तुतः अल्युमिनियमला संरक्षण असतें. त्याचा हवेशीं संबंध येतांच अंगावर आपोआप एक कवच चढतें, तें एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनहि पातळ, परंतु घट्ट. लोखंडाचा गंज गळून पडतो. हें कवच धरून राहतें. मात्र तीव्र आम्ल व क्षार दोन्हींपुढें तें टिकत नाहीं. सोडा, चिंच, शिशाचें अस्तर, तांब्याचा पैसा, जें जें त्याला सोसत नाहीं तें तें मीं एकेक करून आणून घातलें होतें. आणि सौ.ला ही गोष्ट पातेल्यावरून ठाऊक होती!

हा धातु आमच्या घरांत उशिरां आला, हें मी माझ्या बाजूनें एवढेंच म्हणूं शकतों. तांबें हजारों वर्षांचें. अल्युमिनियम ओर्स्टेडनें १८२५ त प्रथम वेगळें केलें, आणि १८८६ त हॉल व हेरू ह्या दोघां तरुणांनीं, एकानें अमेरिकेंत व दुसऱ्यानें फ्रान्सांत, विजेच्या साहाय्यानें तें स्वस्त करण्याची एकच रीत शोधिली. हिंदुस्थानांत त्याचें उत्पादन १९४३ त केरळांतील आलवे येथें सुरू झालें. विमानांमुळें त्याची चलती झाली, आणि दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां अमेरिकेंतील ग्रमन ह्या विमानांच्या कारखान्यानें त्याच पत्र्याच्या व रिव्हेटांच्या होड्या करण्यास आरंभ केला.

विमानाचा उल्लेख सहज केला नाहीं. होडी विकावी असें घरांत जवळजवळ ठरलें होतें. भंगारवाला वजनकांटा घेऊन येऊनहि गेला. परंतु ज्या चुकीनें नातू बुडतां बुडतां राहिला ती चूक समजून न घेतां ती वस्तु दृष्टीआड करणें मला पटेना. प्रथम मीं भांडी बाजारांतल्या ओळखीच्या एका वृद्ध तांबटांना बोलाविलें. त्यांनीं पत्र्यावर टिचकी मारली व म्हणाले, “गुरुजी, ठोकणं आमचं, पण पत्रा आमचा नाही.” तांबें लाल होईपर्यंत तापवून मऊ करण्याची त्यांची रीत, अल्युमिनियम मात्र लाल न दिसतांच ६६० अंशांवर एकाएकीं वितळून बसतें. मग त्यांच्या जोडीला पुतण्याच्या मित्राचे वडील आले. ओझरला १९६४ सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना निघाला. तेथें त्यांनीं सारी नोकरी रिव्हेट मारण्यांत घालविली होती. नाशिकांत हे दोन्ही कसब शेजारीं शेजारीं नांदत आहेत, ह्याची मला इतकीं वर्षें जाणीवच नव्हती.

शिशाचा रंग आधीं काढावा लागला. त्याची धूळ विषारी. म्हणून मुलांना मामाकडे धाडलें, तोंडाला पट्टी बांधली व पाणी मारीत मारीत रंग खरवडला. लोखंडी तारेचा ब्रश ओझरकरांनीं हातांतून काढून घेतला; लोखंडाचे कण पत्र्यांत रुततात व तेथें पुनः तोच उपद्रव. मग होडी ठोकळ्यांवर टेकवून आंत चार बोटेंच पाणी भरलें, कारण पूर्ण भरल्यास पाण्याच्या भारानेंच ती वांकेल. बाहेरून जेथें जेथें थेंब दिसला तेथें तेथें खडूची खूण केली. एकतीस रिव्हेट झिरपत होते. ढिला रिव्हेट एकदोन ठोक्यांत बसला तर बसला. अधिक ठोकल्यास तो कठीण होऊन तडकतो, तेव्हां तो काढून किंचित् जाड नवा घालावा, आणि तोहि अल्युमिनियमचाच.

भोंकावरचें ठिगळ हा सर्वांत सुंदर भाग. पत्र्यावर साधा साबण चोळावयाचा, खालून आंच द्यावयाची. साबण काळा पडला कीं पत्रा मऊ झाला असें समजावयाचें. विमानवाल्यांनीं ही खूण सांगितली, आणि त्या मऊ पत्र्याला होडीच्या तळाचा बांक तांबटांनीं लांकडी हातोड्यानें असा दिला कीं मध्यें कागद सरकेना! मग मध्यें जलरोधक लुकण भरून, एक बाहेरून हातोडा घेऊन व दुसरे आंतून लोखंडाचा जड ठोकळा धरून, दोघे वृद्ध समोरासमोर बसले. मध्यें पत्रा असल्यामुळें एकमेकांचें तोंड दिसत नव्हतें. नुसत्या आवाजावर दोघांचा ताल जमला. वडील वहिनी माडीवरून पाहत होत्या. त्यांनीं दोघांना चहा खालीं पाठविला.

बाकीचें थोडक्यांत. मागची फळी ठोकून पाहतां पोकळ वाजली, ती बदलली. बैठकींखालचा फेस पाणी पिऊन जड झालेला, तोहि नवा भरला. इंजिनांतील शिळें पेट्रोल काढून, पाण्याच्या पंपाचा कडक झालेला रबरी पंखा बदलला व तें पिंपांत बुडवून चालवून पाहिलें. अल्युमिनियमसाठींच मिळतो तो प्राइमर लावला. जलजंतु लागूं नयेत म्हणून तळाला देतात त्या कित्येक रंगांत तांबें असतें. दुकानदार तसलाच डबा देऊं लागला, तो परत केला. यांत्रिक होडी आंतरदेशीय जलयान कायद्याखालीं येते (जुना १९१७ चा, आतांचा २०२१ चा), तेव्हां संबंधित कचेरींत आधीं विचारणा करावी, आणि माणसें जितकीं तितकीं जाकिटें घ्यावीं.

गेल्या माघांत पुनः त्याच तलावावर गेलों. सूनबाई स्वतः आली होती. तिनें मुलाच्या जाकिटाचे बंद दोनदां ओढून पाहिले. पूजेच्या वेळीं मीं सवयीनें ढब्बू पैशाकडे हात नेला. सौ.नें तो उचलून ताम्हनांत ठेविला, होडींत एक सुपारी व दोन झेंडूचीं फुलें ठेविलीं, आणि नातवाला म्हणाली, “आतां बैस.”