धावण्याआधी घामाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात धावण्याचा सराव करायचा, तर पहाटच गाठावी लागते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्याकडे बघवत नाही. म्हणून पोलीस, वनरक्षक आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली उजाडण्याआधीच दारव्हा, पुसद, पांढरकवड्याच्या रस्त्यांवर दिसतात. हौशी मॅरेथॉनपटूही त्यांच्यात असतात. या सगळ्यांना पाण्याबाबत दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, ‘धावताना पाणी पिऊ नको, पोटात दुखेल.’ दुसरा सांगतो, ‘निघण्याआधी दोन बाटल्या रिचव.’ हे दोन्ही सल्ले महागात पडू शकतात.

जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळले आणि काही दिवसांत किमान चार तरुणांचा मृत्यू झाला. त्यानंतर शासनाने धावण्याचे अंतर कमी केले. आता पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी मात्र पाच किलोमीटर आहे. वनरक्षक पदासाठी पुरुषांना पाच आणि महिलांना तीन किलोमीटर धावावे लागते. शिवाय चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते.

न दिसणारा घाम

धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता बनतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की ही उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो, त्यामुळे तो जाणवतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो अंगावरच वाळतो. धावणाऱ्याला वाटते, आज फारसा घाम आलाच नाही. पण गडद रंगाच्या बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात.

घामातून पाणी गेले, की रक्ताचे प्रमाण कमी होते. तेवढ्याच रक्तात हृदयाला स्नायूंनाही पुरवठा करायचा असतो आणि अंग गार ठेवण्यासाठी त्वचेकडेही रक्त पाठवायचे असते. नाडी वाढते, पाय जड होतात, शरीराचे तापमान चढू लागते. पाण्यामुळे घटलेले वजन दोन टक्क्यांच्या पुढे गेले, की उन्हात दम लवकर संपतो.

जास्त पाण्याचाही धोका

म्हणून पोट फुटेस्तोवर पाणी पिणेही बरोबर नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडिअम कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले आणि चार तासांहून अधिक वेळ लागलेले धावपटू त्यांत प्रामुख्याने होते. सोडिअम फार घटले, की मेंदूला सूज येते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि शेवटी झटके येतात. चार तासांच्या चालण्यात प्रत्येक थांब्यावर बाटली रिकामी करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

मग नेमके किती प्यावे? प्रत्येकाचा घाम वेगळा, त्यामुळे सरसकट आकडा देता येत नाही. पण हिशेब सोपा आहे. सरावाआधी लघवीला जाऊन कमी कपड्यांत वजन करावे. तासभर धावून, घाम पुसून पुन्हा करावे. ६० किलोचा मुलगा ५९.२ किलो भरला आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायला असेल, तर त्याचा तासाचा घाम १.३ लिटर. त्याचे वजन १.२ किलोपेक्षा जास्त घटू नये, आणि वाढू तर अजिबात नये. दोन-चार वेळा असे मोजले, की अंदाज पक्का होतो.

धावण्याच्या दोन-तीन तास आधी दोन पेले पाणी प्यावे. तासाभरापर्यंतच्या सरावाला साधे पाणी पुरते. त्याहून जास्त वेळ असेल, तर मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा ओआरएस तहानेप्रमाणे घोट-घोट घ्यावे. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल, तर ते पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळावे, पेलाभर पाण्यात नव्हे. सराव संपल्यावर मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा ज्वारीची आंबील आणि नेहमीचे जेवण हे उत्तम. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

१६०० मीटरची धाव काही मिनिटांत संपते. तिथे धावतानाच्या पाण्यापेक्षा आदल्या रात्रीपासूनचे पाणी महत्त्वाचे. रात्रभर एसटीचा प्रवास, अर्धपोटी रांग, आणि स्वच्छतागृहाची सोय नसेल म्हणून मुद्दाम पाणी टाळणे. असा उमेदवार, विशेषतः मुली, सुरुवातीच्या रेषेवर येतानाच कोरडी पडलेली असतात. मैदानावर पाणी, सावली आणि स्वच्छतागृह असणे ही म्हणूनच आयोजकांचीही जबाबदारी आहे.

पाणी नीट प्यायले तरी उष्माघात होऊ शकतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे चाचणीच्या तोंडावर एकदम सराव वाढवू नये. ताप, जुलाब असताना धावू नये. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर अंगाला घाम असला तरी उष्माघाताची शंका घ्यावी. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतत वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. जीव त्याच काही मिनिटांवर अवलंबून असतो.

भरती पुन्हा निघते, शर्यत पुढच्या वर्षीही असते. चक्कर आल्यावर थांबलेला उमेदवार त्या दिवशीचे गुण गमावतो, एवढेच.