संप्रेरकाचा पुरवठा तोडल्यावरही प्रोस्टेटचा कर्करोग का वाढतो?

प्रोस्टेट, अर्थात पुरःस्थ ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगात पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला की बहुतेक रुग्णांमधील गाठी आक्रसतात आणि हाडांचे दुखणे कमी होते. मात्र काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग पुन्हा डोके वर काढतो. रक्तातील संप्रेरक जवळजवळ नाहीसे झालेले असताना असे का घडते, याचे उत्तर बऱ्याच अंशी पेशीतील विकरांमध्ये, म्हणजेच एन्झाइममध्ये सापडले आहे.

विकरे ही शरीरातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारी प्रथिने होत. या रोगाशी त्यांचा संबंध जुना आहे. हाडांपर्यंत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज हे विकर वाढते, असे अलेक्झांडर व एथेल गटमन यांना १९३८ मध्ये अमेरिकेत आढळले. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये याच विकराचा मोजपट्टीसारखा उपयोग केला. वृषणे काढल्यावर त्याचे प्रमाण घटते व पुरुषी संप्रेरक टोचल्यावर वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. संप्रेरकावरील उपचारांचा पाया त्यातून घातला गेला. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वृषणात तयार होणारे टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटमध्ये पोहोचल्यावर फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे विकर त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करते. हा बदललेला रेणू पेशीतील संप्रेरक-ग्राहीला अधिक घट्ट चिकटतो. ग्राही मग केंद्रकात जाऊन वाढीशी संबंधित जनुके कार्यान्वित करतो. निरोगी पेशीत ही वाढ मर्यादेत राहते. कर्करोगाची पेशी हीच यंत्रणा स्वतःसाठी राबवते.

हे विकर रोखले तर कर्करोगच टळेल काय? अमेरिकेत ५५ वर्षे व त्यावरील १८ हजारांहून अधिक पुरुषांवर फिनास्टेराइड या औषधाची सात वर्षे चाचणी घेण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कर्करोगाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले, परंतु औषध घेणाऱ्यांत आक्रमक स्वरूपाचे कर्करोग किंचित अधिक आढळले. पुढे २०१३ मध्ये जाहीर झालेल्या दीर्घकालीन पाहणीत दोन्ही गटांच्या जीवितमानात फरक दिसला नाही. प्रतिबंधक म्हणून हे औषध सर्रास दिले जात नाही, ते त्यामुळेच.

उपचारांना न जुमानणाऱ्या रोगाला पूर्वी ‘संप्रेरक-निरपेक्ष’ म्हटले जाई. हे नावच दिशाभूल करणारे होते. रक्तात टेस्टोस्टेरॉन अत्यल्प असूनही प्रत्यक्ष गाठीत ते ग्राहीला चेतवण्याइतके शिल्लक असते, असे २००० नंतरच्या दशकातील अभ्यासांत दिसून आले. वृषणे थांबली तरी अधिवृक्क ग्रंथी संप्रेरकाचा कच्चा माल पुरवतच असतात. उपाशी ठेवलेली पेशी आपल्याकडील विकरांचे उत्पादन वाढवते आणि त्या कच्च्या मालापासून हवे ते संप्रेरक जागच्या जागी तयार करते. काही पेशी ग्राहींची संख्याही वाढवतात, म्हणजे थोडक्या संप्रेरकावरही त्यांचे भागते.

या साखळीतील सीवायपी-१७ हे विकर वृषणे, अधिवृक्क ग्रंथी आणि गाठ या तिन्ही ठिकाणी लागते. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत विकसित झालेले ॲबिरॅटेरॉन नेमके त्यालाच रोखते. केमोथेरपी घेऊन झालेल्या रुग्णांच्या २०११ मधील चाचणीत मध्यक आयुर्मान १०.९ वरून १४.८ महिन्यांवर गेले. चार महिने थोडेच वाटतील. पण रोगाच्या इतक्या पुढच्या टप्प्यावर ते कमी नव्हते. २०१७ पासून हे औषध उपचारांच्या प्रारंभीही उपयुक्त असल्याचे सिद्ध झाले आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. सीवायपी-१७ रोखल्याने कॉर्टिसॉलही घटते, रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम उतरू शकते. म्हणून त्यासोबत प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड द्यावे लागते.

तरीही काही पेशी निसटतात. त्या संप्रेरकाचा मार्गच सोडून देतात आणि चेतापेशींशी साम्य असलेले रूप धारण करतात. अशा वेळी रोग वाढत असतानाही रक्तातील पीएसए फारसे वाढत नाही.

तपासणीत सर्वत्र मोजले जाणारे हे पीएसए स्वतःही एक विकरच आहे. वीर्य पातळ करणे हे त्याचे मूळ काम, आणि त्याचे जनुक संप्रेरक-ग्राहीच्याच हुकमतीत असते. त्यामुळे वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्यांचे पीएसए काही महिन्यांत साधारण निम्म्यावर येते आणि डॉक्टरांना अहवालातील आकडा दुप्पट धरून विचार करावा लागतो. केसगळतीवरील गोळीतही हेच औषध कमी मात्रेत असते. बरेच जण तिला औषध मानत नाहीत व तपासणीच्या वेळी तिचा उल्लेखही करत नाहीत. अशा वेळी निर्धोक दिसणारा आकडा प्रत्यक्षात तसा नसू शकतो.